वाटेची वाट लागू नये म्हणून

सहा वर्षांपूर्वीच्या जुलैत आबा आमच्याकडे पुण्याला आले होते. आबा म्हणजे माझे वडील, माण तालुक्यातले. रविवारी पावसानं जरा उघडीप दिली तशी मी त्यांना टेकडीवर घेऊन गेले. मी सायकल चालवते ती वाट दाखवायची होती. खरं सांगायचं तर थोडं मिरवायचं होतं. आबांनी वाटेच्या मधोमध काठी टेकवली. काठीच्या दोन्ही अंगांनी तांबूस पाणी खळखळत खाली चाललं होतं.

"ह्यो वढा हाय," ते म्हणाले. "वाट कुठंय तुजी?"

आबा 1972 च्या दुष्काळी कामांवर खडी फोडायला होते. पुढे रोजगार हमीवर मुकादम झाले. बांधबंदिस्ती, समतल चर, नालाबंडिंग ह्यातच त्यांची उमर गेली. त्या दिवशी छत्री घेऊन ते अर्धा तास वर-खाली फिरले आणि मला तीन-चार गोष्टी सांगितल्या. नंतर मी माउंटन बायकिंगवाल्यांनी लिहिलेली माहिती वाचत गेले, तर त्याच गोष्टी तिथे टक्केवारीसकट मांडलेल्या होत्या. पुढचं सगळं ह्या दोन्हींतून आलंय, आणि उरलेलं आमच्या चुकांतून.

हे नवा ट्रेल पाडण्याबद्दल नाही. आहे ती वाट, जिच्यावरून सकाळी फिरायला येणारे, पळणारे, शेळ्या नि सायकली सगळेच जातात, ती जागेवर कशी राहील एवढंच सांगायचं आहे. टेकडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पायथ्याला गाड्या लावायला आधीच जागा नाही. वेताळ टेकडी घ्या, तळजाई घ्या, पाषाण-बाणेरची घ्या, खालचा दगड एकच: काळा बेसाल्ट, त्यावर त्याचाच झिजून झालेला मुरूम आणि सखल भागात काळी माती. त्यामुळे आमचं कोडं ते बहुतेक तुमचंही असणार.

आधी सातबारा

फावडं हातात घेण्यापूर्वी जमीन कुणाची ते बघा. महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा मिळतो, शहर हद्दीत असेल तर मालमत्ता पत्रक. टेकडी एक दिसली तरी मालक तीन-चार असू शकतात: वनखातं, महापालिका, गायरान, खाजगी. आमच्या दोन किलोमीटरच्या वाटेवर दोन मालक निघाले.

राखीव वनात परवानगीशिवाय जमीन खणणं हा भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे. हेतू चांगला होता, हे उत्तर तिथे चालत नाही. पहिल्या वर्षी आम्ही पाच जण उत्साहात कुदळी घेऊन पोचलो आणि वनरक्षकानं शांतपणे विचारलं, "कागद आहे का?" कागद नव्हता. त्यानं कुदळी जप्त केल्या नाहीत हा त्याचा मोठेपणा. आम्ही प्लास्टिकच्या बाटल्या वेचल्या आणि खाली आलो.

अर्ज वनक्षेत्रपालांच्या, म्हणजे रेंजरच्या, कार्यालयात द्यायचा. एक पान पुरतं. काय करणार, कुठे, किती माणसं, कुठली तारीख, हातानं वापरायचीच हत्यारं, नवी वाट काढणार नाही, जिवंत झाड तोडणार नाही. सोबत दुरुस्तीच्या जागांचे चार फोटो. अर्जात 'बायकिंग ट्रेल' असा शब्द घालू नका. आमचा पहिला अर्ज वाचून टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं, "मोटारसायकली टेकडीवर कशाला नेता?" दुसऱ्या अर्जात 'पायवाटेची धूप थांबवण्यासाठी श्रमदान' असं लिहिलं आणि बोलणं पुढे सरकलं. त्यात खोटं काही नव्हतं. काम तेच होतं. गावाच्या हद्दीत संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्या अध्यक्षांनाही आधी भेटा, चहा घ्या.

पाऊस पडत असताना वर जा

हा सगळ्यात महत्त्वाचा दिवस, आणि ह्या दिवशी खणायचं काहीही नाही. छत्री, वहीऐवजी फोन, आणि खिशात बांबूच्या काड्या, त्यांना लाल चिंध्या बांधलेल्या. बाकी काही नको.

थोडा हिशोब करू. वाट 60 सेंटिमीटर रुंद, 100 मीटर लांब, आणि सरीत 20 मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पट्ट्यावर 1200 लिटर पाणी होतं, गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीपेक्षा जास्त. हे फक्त वाटेवर थेट पडलेलं. वरच्या उतारावरून येऊन मिळतं ते वेगळं. हे पाणी शंभर मीटर वाटेवरूनच पळालं की वेग घेतं, मुरूम उचलतं आणि मध्ये नाली पाडतं. मग लोक नालीच्या कडेनं चालतात, सायकली त्याहून कडेनं जातात, गवत मरतं, वाट रुंदावते. 'सायकलींनी टेकडी खराब केली' असं म्हणतात. थोडं खरं आहे. टायर माती सैल करतो, चढावर चाक घसरलं की जास्तच. पण सैल झालेली माती वाहून नेतं ते पाणी.

आबांचा शब्द वापरायचा तर वाटेची सरी झालेली असते. मधला भाग पाय नि चाकांनी खाली बसतो, बाहेरच्या कडेला माती साठून वरंबा तयार होतो. पाण्याला उतरायचं असतं दरीकडे, पण वरंबा त्याला बाहेर पडू देत नाही. उसाला पाणी द्यायला आपण हेच मुद्दाम करतो, इथे नकळत झालंय.

तर पावसात खालून वर चालत जा, आणि पाणी कुठून वाटेवर *येतं* तिथे एक काडी रोवा. मग वरून खाली येताना पाणी कुठे बाहेर *पडू बघतं* तिथे दुसरी. ही दुसरी जागा ओळखायला जरा नजर बसावी लागते. वरंब्याला एखादी चीर असते, तिथून पाण्याची करंगळीएवढी धार सुटलेली असते. किंवा वाट जरा सपाट होते आणि पाणी घुटमळतं, फेस जमतो, वाळलेली पानं गोल फिरत राहतात. पाणी स्वतःच जागा दाखवत असतं. उन्हाळ्यात तीच वाट बघून मी सात जागा ठरवल्या होत्या. पावसात कळलं, त्यातल्या दोनच बरोबर होत्या.

प्रत्येक काडीचा फोटो काढा, फोनमध्ये जागेची खूण ठेवा. काड्या गुराखी पोरं उपटतात.

कधी खणायचं

फेब्रुवारी ते मे मुळीच नाही. मुरूम दगडासारखा असतो, कुदळ टणकन उडते, उकरलेली माती नुसती भुकटी होते आणि पहिल्या वळवाला खाली जाते. शिवाय मार्चपासून टिटव्या उघड्या माळावर अंडी घालतात, खड्यांत खड्यासारखी. डोक्यावर घिरट्या घालून टिटवी किंचाळायला लागली की आल्या पावली मागे फिरायचं, त्या तुकड्याचं काम त्या महिन्यात विसरायचं. उन्हाळ्यात काच वेचा, वणव्यावर लक्ष ठेवा.

जूनच्या मध्यात दोन-तीन पाऊस झाले की जुने सांडवे, म्हणजे वाटेवरचं पाणी बाहेर काढायला केलेल्या जागा, उघडायचं हलकं काम. मोठं खणकाम सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर: मातीत ओल असते, दाबली की बसते, आणि तिला बसायला पुढे सात-आठ कोरडे महिने मिळतात. मूठभर माती घ्या, आवळा. लाडू झाला आणि बोटानं दाबल्यावर फुटला तर दिवस चांगला. हाताला चिकटून राहिली तर अजून आठवडा थांबा.

हत्यारं

फावडी, दोन कुदळी, एक पहार, घमेली, एक दाताळं, एक कोयता आणि धुम्मस, म्हणजे माती ठोकून बसवायचं जड हत्यार. धुम्मस नसेल तर पाय आहेत. परदेशी ट्रेलवाले एका हत्यारावर फार जीव टाकतात, मॅक्लाउड नावाचं. एका बाजूला जाड दाते, दुसऱ्या बाजूला खोऱ्यासारखी धार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एका वन-रेंजरनं ते वणव्याच्या कामासाठी बनवलं. मी फोटो दाखवून गावाकडच्या लोहाराकडून तसं एक करून घेतलं. तो म्हणाला, "ताई, ह्यात नवीन काय हाय? दाताळं नि खोरं एकाच दांड्याला बसवलंय." हत्यार मात्र खरंच गुणी आहे.

आदल्या रात्री लाकडी दांड्यांची डोकी बादलीत बुडवून ठेवा. लाकूड फुगतं, कुदळ दांड्यावर घट्ट बसते. सैल कुदळ उडून कुणाच्या नडगीवर बसण्यापेक्षा बादली बरी.

सांडवा

पाणी बाहेर काढायच्या जागेला आम्ही सांडवाच म्हणतो. बांधाला असतो तसा. हे एवढं एक काम नीट जमलं तर बाकीचं नाही केलंत तरी वाट वाचेल.

फक्कीनं जमिनीवर अर्धगोल आखा. सरळ बाजू दरीकडच्या कडेला, गोल बाजू डोंगराकडे. वाटेच्या दिशेनं लांबी निदान तीन मीटर. नवखे लोक इथेच कंजुषी करतात. एक फावड्याएवढी चर मारतात आणि झालं म्हणतात. तशी चर पहिल्याच सरीत गाळानं बुजते, आणि तोवर सायकलचं पुढचं चाक त्यात आपटतं, म्हाताऱ्या माणसाचा पाय मुरगळतो. सांडवा बशीसारखा पसरट हवा, वाटीसारखा नको.

सुरुवात बाहेरून. आधी वरंबा फोडा, तोही सगळ्या तीन मीटरांत. मग मधोमध पृष्ठभाग खरवडत असा उतरवा की वाट एक मीटर रुंद असेल तर बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा 15 सेंटिमीटर खाली राहील. आठ बोटं आडवी धरा, तेवढं. दोन्ही टोकांना हा उतार हळूहळू मूळ वाटेत मिसळू द्या. बाहेर पडल्यावर पाण्याला पुढे अडथळा नको, म्हणून कडेपलीकडेही मीटरभर माती मोकळी करा, पण तिथलं गवत मुळासकट उपटू नका. पाणी पडतं तिथे दोन-चार चपटे दगड टाका, नाहीतर सांडव्याखाली नवीन घळ सुरू होते.

खणलेली माती हा कळीचा मुद्दा. हात आपोआप ती बाहेरच्या कडेला ढकलतो, म्हणजे फोडलेला वरंबा पुन्हा तयार. ती घमेल्यात भरायची आणि सांडव्याच्या लगेच *खालच्या* बाजूला वाटेवरच टाकून लांबट, बुटका उंचवटा करायचा, चार-पाच मीटर लांब, धुम्मस मारून घट्ट. पाणी सांडव्यातून चुकलंच तर हा उंचवटा त्याला परत वळवतो. सायकलवाल्यांना ह्याला डिप म्हणायची सवय आहे. वर ब्रेक न लावता, सीटवर न आपटता पार झालात तर लांबी बरोबर आहे.

मग पाण्याचा कॅन उपडा करा. पाच लिटर पाणी, वरच्या बाजूला, वाटेच्या मधोमध. आम्ही हे दरवेळी करतो आणि दरवेळी सगळे काम टाकून बघायला गोळा होतात. पाणी आधी सरळ येतं, बशीच्या तोंडाशी जरा विचार करतं, आणि मग वळतं. वळलं नाही तर फावडं पुन्हा हातात.

सांडवे किती अंतरावर, ह्याला एकच उत्तर नाही. तीव्र उतारावर जवळजवळ, सौम्य उतारावर लांब. तीव्र उतार सुरू व्हायच्या *आधी* एक हवाच, पाण्यानं वेग घेण्यापूर्वी. वाट नागमोडी असेल तर वरच्या पदराचं पाणी खालच्या पदरावर सोडू नका. हे लिहायला सोपं आहे. आमचा तीन नंबरचा सांडवा अजून तसाच आहे आणि दरवर्षी त्यावरून भांडण होतं.

दोन जुने नियम इथे कामाला येतात. वाटेचा चढ हा आजूबाजूच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, आणि सरासरी दहा टक्क्यांच्या आत असावा, म्हणजे शंभर मीटरला दहा मीटर चढ. उतार 30 टक्के असेल तर वाट 15 च्या वर नको. त्याहून जास्त असेल तर पाण्याच्या दृष्टीनं ती वाट नव्हे, पन्हळच. कितीही सांडवे काढा, पाणी वाटच धरणार. फोनमधल्या ॲपनं मोजत असाल तर अंश आणि टक्के ह्यांत गल्लत करू नका: दहा टक्के म्हणजे सहा अंशांहूनही थोडं कमी. आमचा शेवटचा चाळीस मीटरचा तुकडा असा सरळ खाली उतरतो. त्यावर दोन हंगाम घाम गाळला. शेवटी मान्य केलं की तिथे दगड बसवण्याशिवाय गत नाही.

आडवे ओंडके टाकून पाणी अडवायचा मोह होईल. मला तो आवडत नाही. वरच्या बाजूला गाळ भरला की ओंडका निव्वळ पायरी उरतो, पाणी वरून उडी मारतं, ओल्या लाकडावरून चाक सटकतं आणि लोक शेजारून तिसरी वाट पाडतात.

काकांचे दगड

आमच्या टेकडीवर एक काका आहेत. निवृत्त, रोज साडेपाचला हजर. त्यांनी वर्षानुवर्षं वाटेतले सुटे दगड उचलून दोन्ही कडांना ओळीनं मांडले होते, काही ठिकाणी चुना लावून. दिसायला देखणं, एखाद्या विश्रामगृहाच्या बागेसारखं. आणि पाण्याच्या दृष्टीनं पक्का कालवा.

आमच्यातल्या एका मुलानं एका सकाळी बाहेरच्या बाजूचे वीसेक दगड लाथेनं खाली ढकलले. दुसऱ्या दिवशी ते परत जागेवर होते आणि शेजारी आणखी दहा. हे दोन आठवडे चाललं. मग काकांनी मला गाठलं, कारण गटात वयानं मोठी मीच.

"तुम्हा सायकलवाल्यांना शिस्त म्हणून माहीत नाही. मी सात वर्षं ही वाट स्वच्छ ठेवतोय."

मी वाद घातला नाही. माझ्या पाठीवरच्या पिशवीत दोन लिटर पाणी होतं. "काका, एक मिनिट बघता का?" म्हणून ते त्यांच्या दगडांच्या ओळीच्या आत ओतलं. पाणी दगडाला लागून, अगदी सरळ रेषेत, दहा-बारा पावलं खाली गेलं. मग मी बाहेरच्या बाजूचे चार दगड उचलले, बुटाच्या टाचेनं वरंब्याला चीर पाडली आणि उरलेलं ओतलं. ते तीन पावलांत वळून गवतात गेलं.

काका बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे मी सात वर्षं..." असं म्हणून थांबले. मग म्हणाले, "आतल्या बाजूचे राहू दे का?"

आतल्या बाजूचे राहिले. पाण्याला त्यांचा त्रास नाही, आणि पहाटेच्या अंधारात चुना लावलेली कड खरोखर उपयोगी पडते. सामाईक वाटेवर काम करायचं तर दुसऱ्यानं जे केलंय ते का केलंय हे आधी विचारावं. लाथ मारणाऱ्या मुलाला आम्ही महिनाभर घमेली वाहायला लावली.

चिखल आणि माझा राडारोडा

सखल जागी काळी माती असते आणि ती पाणी पिऊन फुगते, चाकाला थापली जाते, शेवटी चाक फ्रेममध्ये अडकतं. अशी वेळ आली की उतरून परत फिरा. त्या दिवशी ती वाट सायकलीची नाही. वाळली की चाकोऱ्या विटेसारख्या कडक होतात आणि चालणाऱ्यांना मेपर्यंत ठेचा लागतात. मुरमाची वाट पाऊस थांबल्यावर लवकर सुकते, तिला एवढं जपावं लागत नाही.

पहिल्या वर्षी असा एक खड्डा मी राडारोड्यानं भरला. सोसायटीत बाथरूमचं काम चालू होतं, सहा पोती फुकट मिळाली. आठवड्यात दोन पंक्चर, एका धावणाऱ्या मुलीच्या बुटात फरशीचा तुकडा, आणि पाणी? ते खड्ड्याशेजारी नवीन खड्डा करून बसलं. ती सहा पोती मी पुन्हा वेचून खाली आणली. वेचताना प्रत्येक तुकडा ओळखीचा वाटत होता.

खड्डा भरायचा नसतो, त्यातलं पाणी सोडायचं असतं. आधी सांडवा. सप्टेंबरपर्यंत झरा पाझरतच असेल तर मग दगड. इथे गवंड्याची पद्धत चालते, सोलिंगसारखी. मऊ माती वीतभर काढा, खाली कडक लागेपर्यंत. मोठे दगड घ्या, दोघांना उचलायला लागतील असे. चपटी बाजू वर, आणि दोन-तृतीयांश दगड जमिनीत, दाढेसारखा रुतलेला. सांधे एका ओळीत येऊ देऊ नका. फटींत चिपा ठोका, वर मुरूम. मग प्रत्येक दगडावर उभं राहून कंबर हलवा. दगड हलला तर काढून पुन्हा. दोन मीटरला आमच्या सहा जणांची अख्खी सकाळ गेली. वाटेतला जमिनीत घट्ट रुतलेला दगड मात्र 'साफसफाई' म्हणून उपटू नका. तोच माती धरून असतो, आणि त्याच्यामुळेच सायकली हळू येतात.

दगड उचलताना हात खाली घालायचा नाही, कधीच नाही. फुरसं, घोणस, विंचू तिघांनाही तीच जागा आवडते. पहारीनं दगड *आपल्याकडे* कलता करा, म्हणजे फट पलीकडे उघडते आणि दगड आपल्या नि त्याच्या मध्ये राहतो. कुणाला साप चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही नाही; माणसाला हलू न देता 108 ला फोन आणि प्रतिसर्प लस असलेलं रुग्णालय. कुठलं ते आधीच ठरवून ठेवा.

झाडोरा आणि शॉर्टकट

घाणेरीचं झुडूप वाटेवर झुकलं की लोक पलीकडून जातात, म्हणून ते बुंध्याशी कापा, अर्ध्यात नाही. अर्ध्यात कापलेली टोकं भाल्यासारखी उभी राहतात. वळणावर समोरचा माणूस दिसेल एवढं मोकळं करा. कापलेला पाला दरीकडे, कापलेलं टोक वाटेकडून न दिसेल असं टाका. कडेचं गवत मात्र सोडा. कुसळी, पवन्या, मारवेल ह्यांच्या मुळ्या आपल्यापेक्षा चांगलं काम करतात. उंच वाढून वाट झाकत असेल तरी बी पडेपर्यंत, म्हणजे दिवाळी होईपर्यंत, विळा लावू नका.

वळण टाळून सरळ पाडलेला शॉर्टकट बंद करायला आम्ही एकदा बाभळीच्या फांद्या टाकल्या. पुढच्या रविवारी आमच्याच चार सायकली पंक्चर. आता गिरिपुष्पाच्या वाळक्या फांद्या वापरतो, टेकड्यांवर ती झाडं लावलेली भरपूर आहेत. शॉर्टकटच्या दोन्ही तोंडांना दहा पावलं तरी भरायचं, बुंधे जमिनीत पुरून, आणि मधली टणक माती कुदळीनं उकरून खडबडीत करायची म्हणजे गवताचं बी अडकतं. नुसता दोर बांधला तर लोक दोराखालून जातात. मूळ वळण चालायला सोपं केलं, तर निम्मं काम झालंच.

माणसं

आठ जण पुरे. वीस आले तर फोटो चांगले येतात, सांडवे वाईट. सकाळी साडेसहा ते नऊ, त्याच्या पुढे हात चुकतात. दोन कुदळींमध्ये तीन मीटर अंतर. हत्यार खांद्यावर नाही, हातात, खाली लोंबतं, उताराच्या बाजूला. वाटेवरून कुणी येत असेल तर वरच्या बाजूच्या माणसानं ओरडायचं, "माणूस!" आणि सगळ्यांनी थांबायचं, मग शेळी का असेना. त्या दोन मिनिटांत येणारा हमखास विचारतो, "काय चाललंय?" ह्याचं उत्तर कोण देणार ते ठरवून ठेवा. आमच्याकडे ते काम एका शिक्षिकेकडे आहे. तिच्यामुळे गटात तीन जण वाढले, आणि एकानं दोन फावडी आणून दिली.

काम झाल्यावर फावडी धुवा, पात्यांना जुनं इंजिन ऑइल पुसा. आमची हत्यारं सोसायटीच्या मीटररूममध्ये असतात, त्यावरून वॉचमनची नि माझी अधूनमधून चकमक होते.

सांडव्यांना आम्ही नंबर दिलेत, एकूण अकरा. एकेकाकडे एकेक. जोराचा पाऊस झाला की ज्यानं त्यानं आपल्या सांडव्यातला गाळ पायानं नाहीतर खुरप्यानं काढायचा, पाच मिनिटांचं काम. सात नंबर काकांकडे आहे. पाच नंबर माझा. गेल्या ऑगस्टमध्ये मी दोन आठवडे गावाला होते आणि तो पार बुजला. काकांनी तो काठीच्या टोकानं उघडला, हे त्यांनी मला आतापर्यंत तीनदा सांगितलंय.